दशावताराची रात्र, उघडे ॲपर्चर आणि अडॅप्टरची जाडी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गेल्या वर्षी गावच्या जत्रेत तुम्ही दशावताराचे रात्रभराचे चित्रीकरण पॅनासोनिक जीएच५ कॅमेऱ्यावर केले. लेन्स कॅननची ईएफ ७०-२०० एफ/२.८ होती (एफ-अंक जितका लहान, तितके ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, अधिक उघडे) आणि ती बसवायला काच नसलेला साधा इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर होता. दाणे (चित्रातला ठिपक्यांचा खरखरीतपणा) येतील या भीतीने आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, तुम्ही ८०० वरच ठेवला आणि काळोखे आलेले चित्र नंतर संगणकावर उजळवले. मोठ्या टीव्हीवर पाहिल्यावर दाणे तर दिसलेच, शिवाय बरेचसे प्रवेश किंचित मऊ, फोकस सुटल्यासारखे निघाले. आता ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (लेन्सचा प्रकाश एकवटणाऱ्या काचा असलेला अडॅप्टर) घ्यावा, की त्यात आणखी पैसे घालून अंधारात चांगला चालणारा नवा कॅमेराच घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. दाणे हे अपुऱ्या प्रकाशाचे आणि चुकलेल्या एक्स्पोजरचे लक्षण आहे. मऊपणा हे बहुतेक वेळा फोकसचे, आणि अडॅप्टर वापरत असाल तर अडॅप्टरच्या अचूकपणाचे लक्षण असते. रिड्यूसर पहिल्या दुखण्यावर अर्धा उपाय करतो आणि दुसरे दुखणे वाढवतो. म्हणून तो विकत घेण्याआधी ही दोन्ही कारणे सुटी करून पाहिली पाहिजेत, नाहीतर पुढच्या जत्रेचे चित्र उजळ येईल आणि आजच्याइतके किंवा त्याहूनही मऊ निघेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. कॅमेरा रंगमंचापासून किती अंतरावर लावायला मिळतो, मंडपात हॅलोजन आहेत की एलईडी, वीज लाइनवरची आहे की जनरेटरची, आणि चित्रीकरण मंडळाच्या संग्रहासाठी आहे की मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी, या चार गोष्टींवर माझी निम्मी उत्तरे बदलतील. देवळापुढच्या मांडवात कॅमेरा साधारण १२ मीटरवर, एका बाजूला, प्रेक्षकांच्या मागे लावला आहे असे धरून पुढचे लिहितो, कारण मला स्वतःला बहुतेक जत्रांत तेवढीच जागा मिळत आली आहे.

आधी प्रकाशाचा हिशेब करू. ०.७१ पटीचा रिड्यूसर लेन्सने टाकलेली प्रतिमा आकुंचित करून लहान सेन्सरवर एकवटतो. प्रतिमेचे क्षेत्रफळ निम्मे झाल्यामुळे तोच प्रकाश दुप्पट दाट पडतो, म्हणजे एक स्टॉप (प्रकाशाची एक दुप्पट) मिळतो. स्पीड बूस्टर हे नाव आता सगळ्याच रिड्यूसरना चिकटले असले, तरी ते मुळात मेटाबोन्सने २०१३ साली आणलेल्या उत्पादनाचे आहे. तुमची ७०-२०० एफ/२.८ लेन्स त्यावर साधारण ५०-१४२ एफ/२ होते. दृश्याचा आवाका रुंदावतो आणि २०० मिलिमीटरच्या टोकाची पोच कमी होते. १२ मीटरवरून ती पोच पुरते, ३० मीटरवरून पुरणार नाही. जीएच५ चा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर फुल फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) जवळपास एक चतुर्थांश क्षेत्रफळाचा आहे, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात तो सुमारे दोन स्टॉप मागे असतो. रिड्यूसर त्यातला एक स्टॉप भरून काढतो, दुसरा तसाच राहतो. हे मान्य करूनच पुढे गेलेले बरे.

एक स्टॉप म्हणजे नेमके किती, हे आकड्यांत पाहू. २५ फ्रेम, १/५० शटर, एफ/२.८ आणि आयएसओ १६०० या मांडणीला चेहऱ्यावर ढोबळमानाने ६० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश लागतो. एफ/२ वर तेच काम ३० लक्समध्ये होते. पण त्याच रंगमंचावर आज दोन फ्लड (रुंद झोताचे दिवे) असतील आणि त्याच जागेवरून त्याच जातीचे आणखी दोन लावले, तर तुम्हाला अगदी तेवढाच एक स्टॉप मिळतो, तोही कोणत्याही काचेविना आणि फोकसची खोली न घटवता. त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी मी आयोजकांशी आणि मंडपवाल्याशी बोलतो. मंडळाच्या मालकांची परवानगी घ्यावी, दिवे समोरून थोडे उंचावरून आणि बाजूने तिरके असावेत, कलाकाराच्या थेट डोळ्यांत जाऊ नयेत, आणि आधीच्या दिव्यांच्याच रंगाचे असावेत. पिवळ्या हॅलोजनमध्ये एक पांढरा एलईडी मिसळला, तर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा नारिंगी दिसतो आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही. प्रत्येक गावात दिवे वाढवू देतील असे नाही, पण मी विचारले तिथे बहुतेक ठिकाणी होकार मिळाला आहे, कारण प्रेक्षकांनाही त्याने बरे दिसते.

आता मऊपणाकडे वळतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिलिमीटर असते आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये १९.२५ मिलिमीटर. म्हणून काच नसलेला अडॅप्टर नेमका २४.७५ मिलिमीटर जाड असावा लागतो. ही जाडी किती अचूक हवी, ते ॲपर्चरवर ठरते. या सेन्सरसाठी धूसरपणाची मर्यादा (बिंदू पसरून एवढा झाला तरी तो डोळ्याला धारदार वाटतो) ०.०१५ मिलिमीटर धरली, तर सेन्सरच्या पातळीवर चालणारी चूक म्हणजे त्या मर्यादेला एफ-अंकाने गुणून येणारा आकडा. एफ/८ वर ती पुढे-मागे ०.१२ मिलिमीटरपर्यंत खपते. एफ/२.८ वर ०.०४, आणि एफ/२ वर फक्त ०.०३. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे कागदाच्या एक तृतीयांश जाडीइतकी चूक झाली, तरी एफ/२ वर ती दिसायला लागते.

दिवसा, उन्हात, एफ/८ वर तपासलेला अडॅप्टर निर्दोष वाटतो आणि रात्री पूर्ण उघड्या ॲपर्चरवर दगा देतो, त्याचे कारण हे आहे. दोष दोन्ही वेळा तोच असतो, फक्त उजेडात तो झाकला जातो. अंधारातल्या कामासाठी घेतलेला अडॅप्टर अंधारातल्याच ॲपर्चरवर तपासला पाहिजे, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

हे मी स्वतः एका जत्रेची रात्र वाया घालवून शिकलो. रिड्यूसर नवा होता, आदल्या दिवशी अंगणात तो तपासला होता आणि चित्र काचेसारखे स्वच्छ होते. रात्री मी नेहमीच्या सवयीने झूम पूर्ण आत नेऊन राजाच्या डोळ्यांवर फोकस घेतला आणि मग मागे येऊन वाइड चौकट धरली. कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर सगळे ठीक दिसत होते. सकाळी घरी पाहिले तर टाइट चौकटी धारदार होत्या आणि प्रत्येक वाइड चौकट मऊ होती, सुमारे तीन तासांची. त्या मंडळातल्या एका वयस्कर कलाकाराचे ते शेवटचे वर्ष होते, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. रिड्यूसर किंचित कमी जाडीचा होता. अशा वेळी त्या-त्या झूमवर पुन्हा फोकस घेतला तर चित्र धारदार येते, पण झूम हलवला की फोकस सरकतो. व्हिडिओच्या लेन्स झूम करताना फोकस धरून ठेवतात. फोटोच्या बऱ्याच झूम लेन्सना ते मुळातच पूर्णपणे साधत नाही, आणि त्यात अडॅप्टरच्या चुकीची भर पडली की उरलासुरला भरवसाही जातो.

तपासणी अशी करा. रात्री, लांब व्हरांड्यात किंवा शाळेच्या सभागृहात, भिंतीवर वर्तमानपत्राची तीन पाने चिकटवा : एक मध्ये आणि दोन दोन्ही कडांना. कॅमेरा १२ मीटरवर भिंतीला समोरासमोर ट्रायपॉडवर ठेवा आणि ॲपर्चर पूर्ण उघडा. २०० वर झूम करून मधल्या पानावरच्या अक्षरांवर फोकस घ्या. मग फोकस रिंगला हात न लावता १३५, १०० आणि ७० वर प्रत्येकी दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि ते टीव्हीवर पाहा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर नको. त्यानंतर ७० वर नव्याने फोकस घेऊन डावे आणि उजवे पान पाहा. एकच बाजू सतत मऊ येत असेल, तर अडॅप्टरच्या दोन बैठका एकमेकींना समांतर नाहीत असा संशय घ्या. त्या दोषावर फोकस फिरवून काहीही इलाज होत नाही, तो अडॅप्टर बदलावाच लागतो. शक्य असेल तर हीच लेन्स ओळखीच्या कोणाच्या कॅनन डीएसएलआरवर, अडॅप्टरविना लावून हीच चाचणी पुन्हा करा. तिथे झूम करताना जेवढा फोकस सरकेल तेवढा दोष लेन्सचा, त्यापलीकडचा अडॅप्टरचा.

अडॅप्टर पातळ निघाला तर त्याच्या बैठकीचे स्क्रू काढून आत पितळेची किंवा चिकटपट्टीची अतिशय पातळ शिम (जाडी भरून काढणारी पट्टी) घालता येते. हे काम घड्याळजीच्या हाताचे आहे, घाईने करू नये. जाड निघाला तर लेन्सचा फोकस इन्फिनिटीपर्यंत (अगदी दूरवर) पोहोचत नाही आणि घरी त्यावर फारसा उपाय नसतो. मेटाबोन्सच्या रिड्यूसरमध्ये काचेचा भाग फिरवून इन्फिनिटी जुळवता येते आणि मग लहान स्क्रूने तो पक्का करता येतो. कोणताही रिड्यूसर घेताना अशी सोय आहे का, हे मी किमतीच्या आधी पाहतो.

जाडीइतकेच महत्त्व ढिलाईला आहे. तुमची ७०-२०० ची आयएस दोन ही आवृत्ती असेल तर तिचे वजन १४९० ग्रॅम आहे आणि जीएच५ बॅटरीसह ७२५ ग्रॅम. लेन्स कॅमेऱ्याच्या दुप्पट जड आहे. ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्याखाली लावली तर हे सगळे ओझे अडॅप्टरच्या दोन बैठकांवर लोंबते, फोकस रिंगला हात लावला की चौकट हलते आणि हळूहळू बैठक वाकडी होते. प्लेट नेहमी लेन्सच्या पायाला लावा. ट्रायपॉडवर असताना कॅमेऱ्यातले आणि लेन्समधले, दोन्ही स्थिरीकरण मी बंद ठेवतो.

आता प्रत्यक्ष रात्रीचा फोकस. ऑटोफोकसवर विसंबू नका. जीएच५ चा ऑटोफोकस त्याच कंपनीच्या लेन्सवरही अंधारात पुढे-मागे चाचपडतो, आणि अडॅप्टरवरची ईएफ लेन्स व्हिडिओ चालू असताना त्यावर सोपवण्यासारखी नाही. हाताने फोकस करायचा तर खोलीचा अंदाज हवा. रिड्यूसर लावून १४२ मिलिमीटर, एफ/२, १२ मीटर या मांडणीत चौकटीची रुंदी सुमारे दीड मीटर असते आणि धारदार खोली ४३ सेंटिमीटर. म्हणजे फोकसच्या पुढे मोजून एक वीत. कलाकाराने एक पाऊल पुढे टाकले की तो बाहेर. झूम मागे आणून ५० मिलिमीटर केला, तर त्याच ॲपर्चरवर रुंदी चार मीटरच्या वर जाते आणि खोली जवळपास साडेतीन मीटर होते. त्यात दशावताराचा बहुतेक रंगमंच मावतो.

दशावताराची इथे एक अडचण आहे आणि एक सोय. अडचण अशी की संवाद लिहिलेले नसतात, कलाकार ते तिथल्या तिथे रचतात, त्यामुळे कोण कधी उसळी घेऊन पुढे येईल हे कोणालाच आधी ठाऊक नसते. सोय अशी की रंगमंचावर बहुधा एक बाकच असतो. तोच सिंहासन, तोच पलंग, तोच डोंगर, आणि निम्मे आख्यान त्याच्या आसपास घडते. खेळ उभा राहण्याआधी कोणाला तरी बाकावर बसवून, मग मंचाच्या पुढच्या कडेला आणि पात्रे आत येतात तिथे उभे करून मी तीन ठिकाणचा फोकस घेऊन ठेवतो आणि त्याच्या खुणा करतो. पात्र बसून बोलत असेल तेव्हाच टाइट चौकट, ते उठले की आधी झूम मागे आणि मग फोकस, हा क्रम हाताला इतका सवयीचा करून घ्यावा की विचार करावा लागू नये.

खुणांच्या बाबतीत एक सावधगिरी लागते. तुमच्या लेन्सची फोकस रिंग टोकाला पोहोचल्यावरही फिरतच राहते, फक्त आतले काही हलत नाही. रिंगवर पांढरी पट्टी चिकटवून खूण केली आणि एकदा रिंग टोकापलीकडे गेली, की सगळ्या खुणा चुकतात. म्हणून खूण रिंगवर करू नका, अंतराच्या खिडकीवर बारीक पट्टीने करा. निकॉनच्या जुन्या एआय-एस लेन्सना दोन्ही टोकांना पक्की अटक असते आणि त्यावरच्या खुणा रात्रभर टिकतात. माझ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर म्हणूनच निकॉनची हाताने चालवायची ५० एफ/१.४ असते. तिची रिंग कॅननच्या उलट दिशेने फिरते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. एका रात्रीत दोन दिशा सांभाळणे नवख्याला जमत नाही, तेव्हा एक माणूस एकाच कॅमेऱ्यावर ठेवा. अशी विद्युत संपर्क नसलेली लेन्स वापरताना जीएच५ मध्ये लेन्सविना चित्रीकरणाची परवानगी मेनूतून द्यावी लागते. ती दिलेली नसेल तर कॅमेरा रेकॉर्डच करत नाही, आणि हे ऐन नांदीच्या वेळी कळू नये.

मॉनिटर किमान ५ इंची तरी बाहेरचा लावा आणि त्यातली चित्र मोठे करून पाहण्याची सोय वापरा. कडा रंगवून दाखवणारे पीकिंग मंद उजेडात फसवे असते, कारण मुकुटाच्या आणि दागिन्यांच्या चकाकत्या कडा फोकस नसतानाही रंगतात. माझी नजर नेहमी डोळ्यांभोवतीच्या काजळाच्या रेषेवर असते. रंगवलेल्या चेहऱ्यावर त्याहून चांगली खूण नाही.

एक्स्पोजरबद्दल बोलायचे तर आयएसओ ८०० वर अडून राहणे ही तुमची गेल्या वर्षीची खरी चूक होती. दोन स्टॉप कमी प्रकाशात घेऊन नंतर उजळवलेले चित्र, तिथेच योग्य आयएसओवर घेतलेल्या चित्रापेक्षा अधिक दाणेदार आणि रंगांना अधिक मळकट निघते, कारण नंतर उजळवताना सावल्यांतले सगळे दाणेही वर येतात आणि कॉम्प्रेशनने आधीच टाकून दिलेले बारकावे परत मिळत नाहीत. जीएच५ वर मी १६०० निर्धास्तपणे वापरतो आणि ३२०० गरज पडली तरच. व्ही-लॉग एल हे चपटे चित्र देणारे प्रोफाइल अशा ठिकाणी घेऊ नका. चित्र मुद्दाम चपटे करून पुन्हा ताणण्याची चैन भरपूर उजेड असेल तेव्हाच परवडते. लाइक७०९ हे प्रोफाइल घेऊन त्यातला नी (उजळ भाग दाबायला सुरुवात होते ती पातळी) खाली आणला, तर मुकुटाची चकाकी बऱ्यापैकी आवरते. कॅमेरा २५ फ्रेमला फोर-के, दहा बिट, ४:२:२ आतच रेकॉर्ड करतो, तेवढी लवचिकता नंतरच्या रंगकामाला पुरते.

एक्स्पोजर कशावर ठरवायचे, तर चेहऱ्यावर. आडदशावतारात (मुख्य आख्यानाआधीच्या भागात) संकासुर हा राक्षस येतो, तेव्हा त्याचा पोशाख काळा, मुखवटा काळा, मागचा पडदा गडद आणि त्यात ती लोंबणारी लाल जीभ, असे सगळे चौकटीत असते. ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर कॅमेरा त्या काळ्याला राखाडी करू पाहतो, दाणे उसळतात आणि शेजारी उभ्या असलेल्या भटाचा चेहरा पांढराफटक पडतो. आयएसओ, शटर, ॲपर्चर आणि व्हाइट बॅलन्स हे सगळे हाताने ठरवून कुलूपबंद करा. झीब्रा (ठरावीक उजळपणाच्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) ७० टक्क्यांवर ठेवून चेहऱ्याच्या सर्वांत उजळ भागावर तो जेमतेम उमटेल इतपत एक्स्पोजर घ्या आणि संकासुराला काळाच राहू द्या. कॅमेऱ्यात वेव्हफॉर्म (चित्राच्या उजळपणाचा आलेख) आहे, तो सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत सतत पाहत जा. निळ्या किंवा लाल एलईडीचा झोत आला, तर एकूण उजेड कमी दिसत असूनही तो एकच रंग फाटलेला, म्हणजे बारकावे उरणार नाहीत इतका जास्त उजळलेला असतो आणि चेहऱ्याचे नाक-डोळे त्यात विरघळतात. अशा प्रवेशात ॲपर्चर अर्धा स्टॉप बंद करणे हाच माझा उपाय आहे.

दिव्यांच्या लुकलुकण्याविषयी थोडक्यात सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे १/५० आणि १/१०० ही शटर सुरक्षित आहेत आणि अंधारात अर्थातच १/५०. हॅलोजनची तार तापलेली राहते म्हणून तो फारसा लुकलुकत नाही, ट्यूब आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात. जनरेटरवर भार पडला की त्याची वारंवारता ढळते आणि मग १/५० वरही चित्रातून आडवे पट्टे संथपणे सरकताना दिसतात. जीएच५ मध्ये सिंक्रो स्कॅन आहे, त्याने शटर बारीक टप्प्यांनी बदलून पट्टे थांबवता येतात. ही तपासणी ध्वनिक्षेपक आणि सगळे दिवे लागल्यावर करा, आधी केलेली उपयोगाची नाही.

रिड्यूसर घेतलाच तर त्याचे दोन स्वभाव माहीत असू द्या. लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये जादा काचा येतात, त्यामुळे उघडा दिवा चौकटीत किंवा चौकटीच्या कडेला असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर त्याची भुते उमटतात, कधी मधोमध फिकट निळसर डाग दिसतो. हुड लावा, आणि तरीही दिसले तर कॅमेरा हातभर बाजूला सरकवून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने काम होते. काच नसलेल्या स्वस्त अडॅप्टरांतही आतली भिंत चकचकीत असेल तर सगळे चित्र धुरकट होते, तिथे आतून काळे मखमली अस्तर चिकटवतात. दुसरी गोष्ट कोकणातल्या रात्रीची. कार्तिकात पहाटे दव पडते आणि ते लेन्सच्या पुढच्या काचेवर बसते. एसी गाडीतून काढलेली लेन्स दमट हवेत मागच्या बाजूनेही धूसर होते आणि अडॅप्टरच्या आतले धुके बाहेरून दिसत नाही, चित्र मात्र मऊ होते. खेळाच्या तासभर आधी सगळे साहित्य बाहेरच्या हवेला आणून ठेवा आणि एकदा बसवलेली लेन्स रात्रीतून काढू नका.

आता घ्यावे काय? मी तुमच्या जागी असतो तर आधी आहे तो अडॅप्टर वर सांगितल्याप्रमाणे तपासला असता. तो ठीक असेल, तर याच साहित्यावर आयएसओ १६०० आणि दोन जादा दिवे, एवढ्यानेच गेल्या वर्षीपेक्षा खूप चांगले चित्र येईल. दिवे वाढवू देत नसतील, तर रिड्यूसर एका रात्रीसाठी भाड्याने आणा, त्यावरही हीच चाचणी करा आणि पटला तरच विकत घ्या. त्याने मिळालेला स्टॉप दाणे कमी करण्यासाठी खर्च करा, पार्श्वभूमी आणखी विरघळवण्यासाठी नको. दशावतारात मागचा पेटीवाला, पखवाजवाला आणि झांजवाला दिसले पाहिजेत, ते खेळाचाच भाग आहेत. नव्या कॅमेऱ्याचा विचार वर्षाला अशा दहा-बारा रात्री करणार असाल तरच करा. तेव्हा जीएच५एस पाहता येईल. त्याचा सेन्सर १०.२ मेगापिक्सेलचा आहे, मूळ आयएसओ ४०० आणि २५०० असे दोन आहेत आणि तुमचा अडॅप्टर त्यावर जसाच्या तसा चालतो. त्यात कॅमेऱ्यातले स्थिरीकरण नाही, पण ट्रायपॉडवर त्याची उणीव भासत नाही. आणि फोकसची धास्तीच सर्वांत मोठी असेल, तर कॅननच्या आर मालिकेतला फुल फ्रेम कॅमेरा आणि कॅननचाच ईएफ अडॅप्टर ही जोडी माझ्या मते अधिक योग्य. त्या अडॅप्टरमध्ये काच नसल्याने प्रकाशाची वाढ नाही, पण सेन्सरच मोठा आहे आणि तुमच्या लेन्सचा ऑटोफोकस त्यावर व्हिडिओतही चालतो.

शेवटची सूचना दहीकाल्याबद्दल (खेळाच्या शेवटी हंडी फोडतात त्याबद्दल) आहे, कारण तिथे पुष्कळांची गफलत होते. आख्यान संपता संपता उजाडू लागते. हॅलोजनसाठी ३२०० केल्विनवर ठरवलेला व्हाइट बॅलन्स तेव्हा बाहेरचा सगळा परिसर निळा करतो आणि अर्ध्या तासात उजेड कित्येक स्टॉपनी वाढतो. मी हंडी फुटण्याच्या आधी, पेटीवाला सूर बदलतो तेवढ्या अवकाशात, व्हाइट बॅलन्स ४५०० च्या आसपास आणतो, आयएसओ ४०० करतो आणि ॲपर्चर एफ/५.६ पर्यंत बंद करत नेतो. झूम मागे ठेवला तर तेव्हा खोली इतकी वाढलेली असते की बाकावरच्या खुणेवर फोकस ठेवला तरी माणसे आणि हंडी धारदार येतात; झूम आत नेला तर मात्र फोकस पुन्हा घ्यावा लागतो. त्या वेळी बॅटरी आणि कार्ड बदललेले असावे, कारण हंडी एकदाच फुटते.